आंबोलीचा धबधबा: रस्त्यालगतच्या पाण्यासाठी दोन महिन्यांची तयारी

आंबोलीचा मुख्य धबधबा सावंतवाडी–बेळगाव रस्त्याला लागूनच कोसळतो. गाडीतून उतरलं की समोर पाणी. चढण नाही, जंगलातली वाट नाही, वाटाड्या नको. गुडघे दुखणारी माणसं आणि लहान मुलं सोबत असली तरी जाता येतं, आणि नेमकं म्हणूनच इथल्या नियोजनात वेगळी अडचण आहे. जे आपल्याला सोपं, ते सगळ्यांनाच सोपं. जुलैतल्या रविवारी कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा अशा तिन्ही बाजूंनी गाड्या त्या एकाच वळणावर येतात. त्यामुळे कसं जायचं याचा फार विचार करावा लागत नाही. कोणत्या वारी जायचं, किती वाजता जायचं आणि पाऊस किती असताना मागे फिरायचं, हे मात्र आधी ठरवावं लागतं. सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी यांच्यासह २०२५च्या जुलैमध्ये मुंबईहून हा प्रवास केला. तो ज्या क्रमाने ठरत आणि घडत गेला, त्याच क्रमाने लिहिते आहे.

पहिला निर्णय महिन्याचा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैचा. जूनच्या उत्तरार्धात धबधबा भरायला लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण भरात असतो. सप्टेंबरमध्ये पाणी कमी पण स्वच्छ असतं आणि धुक्याचा त्रास बराच उणावतो. फोटोसाठी जाणाऱ्याने सप्टेंबर निवडावा, पाण्याचा जोर पाहायचा असेल त्याने जुलै. जुलैत धुकं इतकं दाट येतं की वीस पावलांवरचा धबधबा ऐकू येतो पण दिसत नाही. ते तास-दोन तासांत विरतं किंवा दिवसभर तसंच राहतं, म्हणून जुलैचा बेत एका सकाळीवर ठेवू नये. दोन सकाळी हाताशी हव्यात. आमचा बेत मंगळवार ते गुरुवार असा बसवला, कारण गर्दी शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंतची असते.

मग तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. १५ जुलैच्या गाडीचं आरक्षण १६ मेला सकाळी ८ वाजता उघडलं, आणि १७ जुलैच्या परतीचं १८ मेला. जाण्याचं तिकीट मिळालं की माणूस निवांत होतो आणि दोन दिवसांनी उघडणारं परतीचं आरक्षण निसटतं, तेव्हा दोन्ही तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवाव्यात.

आम्ही दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस (११००३) घेतली, कारण ती सावंतवाडी रोडलाच संपते. झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना सामान घेऊन दोन मिनिटांत उतरण्याची घाई नसते. या गाडीत एक नेहमीचा सापळा आहे. ती दादरहून रात्री ००:०५ला सुटते. १५ जुलैचं तिकीट म्हणजे १४ तारखेला, सोमवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचं. मंगळवारी रात्री पोहोचलात तर गाडी जवळपास चोवीस तासांपूर्वी निघून गेलेली असते. घरातल्या प्रत्येकाला 'सोमवारी रात्री निघायचं' असंच सांगावं, तारीख सांगून गोंधळ वाढतो.

आई-बाबांचं तिकीट मुद्दाम वेगळं काढलं. खालच्या बर्थच्या कोट्यासाठी पुरुषाचं वय ६० आणि स्त्रीचं ४५ पूर्ण असावं लागतं आणि त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. ज्येष्ठ आणि तरुण सगळे एकाच तिकिटावर घेतले की हा कोटा लागत नाही आणि आजोबांना वरचा बर्थ मिळतो. बुकिंग करताना कोट्याच्या रकान्यात तो निवडायचा. तोटा इतकाच की दोन तिकिटं वेगळ्या डब्यांत येऊ शकतात, तसं झाल्यास गाडीत अदलाबदल करावी लागते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिची वाट पाहू नये. ५ ते ११ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडं पडतं, बर्थ न घेता निम्मं. रात्रीच्या प्रवासात आठ वर्षांच्या मुलीला अर्ध्या भाड्यात मांडीवर नेण्यात काही अर्थ नाही, पूर्ण तिकीट काढावं.

पैशांचा हिशेब करताना काही बारीक रकमा सुटतात. ई-तिकिटावर सुविधा शुल्क लागतं: यूपीआयने पैसे भरले तर बिगर-वातानुकूलित वर्गाला १० रुपये आणि वातानुकूलितला २० रुपये, कार्डाने भरले तर अनुक्रमे १५ आणि ३०, वर जीएसटी. ते तिकिटामागे असतं, माणसामागे नाही. ते परत मिळत नाही. रद्द करायचं झालं तर आमच्या प्रवासाच्या वेळी नियम असा होता: गाडीच्या ४८ तास आधीपर्यंत कन्फर्म तिकिटाचे माणशी स्लीपरला १२० आणि थ्री एसीला १८० रुपये कापले जात, ४८ ते १२ तासांत भाड्याच्या २५ टक्के, १२ ते ४ तासांत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच परत नाही. पावसाळी सहलीसाठी यातला ४८ तासांचा टप्पा महत्त्वाचा होता. हवामानाचा अंदाज पाहून निर्णय घ्यायचा तो त्या टप्प्याच्या आधी. १ जुलै २०२५ पासून रेल्वेचं भाडं किलोमीटरमागे बिगर-वातानुकूलित मेल-एक्सप्रेसला १ पैसा आणि वातानुकूलितला २ पैसे वाढलं, पण आधी काढलेल्या तिकिटांवर फरक घेतला गेला नाही.

त्याच तारखेपासून तत्काळचा नियमही कडक झाला. आयआरसीटीसीवर तत्काळ काढायला खातं आधारने पडताळलेलं असावं लागतं. शेवटच्या क्षणी बेत करणाऱ्यांनी ही पडताळणी आदल्या आठवड्यातच उरकावी. तत्काळची खिडकी वातानुकूलितसाठी आदल्या दिवशी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते, आणि त्या वेळी ओटीपीची वाट पाहत बसायला सवड नसते.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. २०२५मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. जोराचा पाऊस आणि कमी दृश्यमानता असेल तिथे गाड्या ताशी ४० किलोमीटरने चालवण्याची सूचना चालकांना असते, म्हणून उशीर धरूनच चालावं. कधी कधी नुसता उशीर होत नाही. जुलै २०२४मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं आणि मग काही दिवसांतच दिवाणखवटी–विन्हेरे दरम्यान दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि जायचं नसेल तर टीडीआर (परताव्यासाठीचा अर्ज) भरून पूर्ण परतावा मिळतो, मात्र तो गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी भरावा लागतो. चौकशीला १३९ हा क्रमांक आहे. या सगळ्यासाठी परतल्यानंतरचा एक दिवस रजेत मोकळा ठेवला होता.

मुक्कामाची जागा जूनच्या सुरुवातीला ठरवली. आंबोलीत एमटीडीसीचं निवास आहे, खासगी लॉज आहेत आणि घरगुती सोयही होते. मधल्या वारी जागा मिळायला अडचण येत नाही, शनिवार-रविवारचे दर वेगळे असतात. फोनवर विचारायचे प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा इथे निराळे आहेत. पहिला प्रश्न: गरम पाणी सोलरचं की गीझरचं? जुलैत तिथे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, सोलर नावापुरता राहतो. दुसरा: वीज गेली की जनरेटर किंवा इन्व्हर्टर किती तास चालतो, आणि त्यावर गीझर चालतो का? बहुतेक ठिकाणी चालत नाही, मग बंबाचं किंवा गॅसवरचं पाणी बादलीने मिळतं. ते चालेल, पण आधी माहीत असावं. तिसरा: खोली तळमजल्यावर आहे का, आणि तिच्या भिंतींना ओल आहे का? दमा किंवा सांधेदुखी असलेल्या माणसासाठी यातला ओलीचा भाग फार महत्त्वाचा. आणि शेवटचा: बेत पुढे ढकलायची वेळ आली तर आगाऊ रक्कम परत मिळणार की दुसऱ्या तारखेला वळती होणार? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागावं. प्रत्येक प्रौढाच्या आधारची प्रत लागते, ती झिपच्या पिशवीत ठेवावी, कारण त्या हवेत साधा कागदही मऊ पडतो.

यानंतर सर्वांत दुर्लक्षित भाग येतो, सरकारी आदेशांचा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं पाण्यात वाहून गेली. त्यानंतर महाराष्ट्रात पावसाळी पर्यटनस्थळांवर जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिबंधात्मक आदेश अधिक काटेकोरपणे निघू लागले. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात (पूर्वीचं कलम १४४). त्यात प्रवाहात उतरणं, धबधब्याखाली बसणं, कड्याच्या टोकाला फोटो काढणं, मद्य बाळगणं, रस्त्यात गाड्या उभ्या करणं अशा गोष्टींना ठरावीक मुदतीसाठी मनाई असते. कधी एखादं स्थळ काही दिवस पूर्णच बंद असतं. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. आदेश जिल्ह्यानुसार आणि आठवड्यानुसार बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या कुणाच्या अनुभवावर विसंबण्यात अर्थ नाही. जिल्ह्याचं अधिकृत संकेतस्थळ पाहावं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी लॉजवाल्यांना थेट विचारावं: आज धबधब्यावर लोकांना सोडतायत का, आणि किती वाजेपर्यंत? त्यांना हे रोजच्या रोज माहीत असतं.

हवामान कसं वाचायचं तेही इथे लिहिते, कारण 'ऑरेंज अलर्ट' हे शब्द सगळे ऐकतात पण आकडा थोड्यांनाच माहीत असतो. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार पाऊस. दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग किती सावध राहायचं ते सांगतात. मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पुढच्या काही दिवसांचा असतो. आंबोली सिंधुदुर्गात असली तरी ती घाटाच्या अगदी कडेला आहे, म्हणून सिंधुदुर्गाबरोबर कोल्हापूर घाटमाथ्याचा इशाराही पाहायचा. आमचा नियम घरूनच ठरला होता: दोन्हींपैकी कुठेही लाल असेल तर निघायचंच नाही, नारिंगी असेल तर धबधबा रस्त्यावरूनच पाहायचा, पिवळा असेल तर धबधब्याशेजारच्या पायऱ्यांपर्यंत जायचं. नियम घरी, कोरड्या कपड्यांत ठरवावा. तिथे पोहोचल्यावर, मुलं पाण्याकडे ओढत असताना ठरवलेला नियम टिकत नाही. विजांसाठी 'दामिनी' हे ॲप फोनवर घ्यावं. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर त्याची गरज जास्त, भर जुलैत कमी.

इशाऱ्याकडे इतकं लक्ष का द्यायचं, त्याचं कारण भूगोलात आहे. धबधबा सह्याद्रीच्या माथ्याच्या कडेवर असल्यामुळे त्याच्यामागचं पाणलोट क्षेत्र लहान आहे. वर धरण नाही, मोठी नदी नाही. पाऊस पडला की पाणी थोड्याच वेळात वाढतं, थांबला की तितक्याच लवकर उतरतं. याचा फायदा असा की पावसाने उघडीप दिल्यावर तासा-दोन तासांत धबधबा शांत होतो. तोटा असा की खाली रिमझिम असताना वर पठारावर सर कोसळली, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला तिचा पत्ता पाणी येऊन पोहोचल्यावरच लागतो. खुणा चार. पांढरं पाणी तांबूस होतं. पानं, काटक्या वाहून येऊ लागतात. आवाज जड होतो. आणि मघाशी उघडा असलेला एखादा दगड पाण्याखाली जातो. यातली एक जरी दिसली तरी सामान गोळा न करता रस्त्यावर यावं.

सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. मंगळवारी दुपारी उतरल्यावर रिक्षाने एसटी स्टँड गाठला. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवून घ्यायचं. सगळे मिळून चौघांहून जास्त असाल तर स्टेशनवरूनच थेट आंबोलीपर्यंत गाडी करणं सामानाच्या दृष्टीने बरं पडतं, परतीची वेळही त्याच चालकाशी ठरवता येते. आम्ही एसटी निवडली. अंतर ३० किलोमीटरच्या आसपास. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या वर मोफत. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा हातात ठेवावा, पेटीत नाही. ही सवलत महाराष्ट्राच्या एसटीची आहे. त्या रस्त्यावर कर्नाटकची गाडी आली तर तिच्यात ती लागू होत नाही, आणि एसटी बेळगावला जाणारी असली तरी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आंबोली हद्दीत आहे, त्यामुळे प्रश्न येत नाही. स्टँडवर पाऊण तास थांबावं लागलं. ज्यांना सवड आहे त्यांनी तेवढ्यात मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारावी आणि चितारआळीतली लाकडी खेळणी पाहावीत.

दाणोली गाव सोडलं की घाट सुरू होतो. धबधबा घाटातच, आंबोली गावाच्या काही किलोमीटर अलीकडे लागतो, म्हणजे गावात पोहोचण्याआधीच तो खिडकीतून दिसतो आणि तिथेच उतरण्याचा मोह होतो. उतरू नये. सामान, ओले कपडे आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत घाटात उभं राहणं, हे सगळं एकदम अंगावर येतं. आधी गावात जाऊन सामान टाकावं, कंडक्टरला किंवा लॉजवाल्यांना सकाळी खाली जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचाराव्यात. ज्यांना घाट लागतो त्यांनी दाणोलीच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी थोडं. धुक्यात दिवे लो बीमवर ठेवावेत, हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवरच येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला आपण थांबलोय की वळतोय ते कळत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियम आहे. उतरताना खालचा गिअर ठेवावा. आणि धबधब्यासमोर रस्त्यावर गाडी लावू नये. शनिवार-रविवारची कोंडी बहुतांशी अशाच 'पाचच मिनिटं' उभ्या केलेल्या गाड्यांमुळे होते, आणि त्या कोंडीत एखादी रुग्णवाहिका अडकली तर तिला मागे वळायलाही जागा नसते.

बुधवारी सकाळी सातला खाली आलो. रात्रभर पाऊस होता, पहाटे कमी झाला. गावातल्या टॅक्सीने धबधब्यापाशी सोडलं आणि तासाभराने न्यायला यायचं ठरवलं. घाटात मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून 'झालं की फोन करतो' असं ठेवू नये. घड्याळाची वेळ आणि उभं राहण्याची जागा, दोन्ही नक्की करावं. त्या वेळी तिथे मोजकी माणसं होती. टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. साडेदहा-अकराला सहलीच्या बस येऊ लागतात, मग पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा राहत नाही. लवकर जाण्याने धुक्याचा धोका थोडा वाढतो, पण गर्दीपेक्षा धुकं परवडलं. येणाऱ्यांकडून धबधब्यापाशी माणशी थोडी रक्कम कर म्हणून घेतात. सुटे पैसे खिशात ठेवावेत, कारण ऑनलाइन पैसे भरायला रेंज हवी. पावती मागून घ्यावी. स्वच्छतागृहाची सोय मुक्कामावरच उरकून निघावं, विशेषतः ज्येष्ठांनी आणि बायकांनी.

धबधब्याशेजारून वर सिमेंटच्या पायऱ्या गेल्या आहेत. त्यांच्यावरून पाणी वाहत असतं आणि जिथे सतत पाणी असतं तिथे शेवाळ असतं. हिरवं शेवाळ दिसतं तरी, पण काळ्या कातळावरचं काळसर शेवाळ ओल्या दगडासारखंच दिसतं आणि तिथेच पाय घसरतो. मागे पट्टा असलेल्या, खोल खाचांच्या रबरी सँडल सर्वांत चांगल्या. साध्या चपला पाण्याच्या धारेत निघून जातात, स्पोर्ट्स शूज पाणी भरून जड होतात आणि पुढचे दोन दिवस वाळत नाहीत. काठीच्या टोकाला रबरी टोपण हवं, झिजलेलं असेल तर निघण्याआधी बदलून घ्यावं. आई-बाबा खालच्या काही पायऱ्यांवर थांबले. तिथून धबधबा पूर्ण दिसतो आणि तुषार अंगावर येतात, वर जाऊन जास्तीचं काही दिसतं असं नाही. हे आधीच माहीत असलं तर ज्येष्ठांना आपण मागे राहिलो असं वाटत नाही.

थेट धारेखाली उभं राहू नये, पाणी कितीही कमी असलं तरी. पाण्याबरोबर वरून खडेही येतात. दहा मीटरवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला पोहोचतो, मग तो लिंबाएवढा का असेना. धारेच्या बाजूला, जिथे फक्त तुषार येतात तिथे उभं राहिलं तरी पाच मिनिटांत माणूस चिंब होतो. मुलांना हात धरून न्यायचं तर आपण प्रवाहाच्या खालच्या बाजूला आणि मूल वरच्या बाजूला. पाय घसरला तर ते आपल्याच अंगावर येतं.

छत्री घाटातल्या वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट पँटसकट घ्यावा, आतले कपडे सुती नकोत, सिंथेटिक हवेत. अंग पुसायचा टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोबत असावा, कारण भिजल्यावर वाऱ्यात थंडी वाजते आणि आजी-आजोबांना ती सोसत नाही. ओला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. झाडीत थोडं जरी शिरलात तर जळवा लागतात. लागलेली जळू ओढून काढू नये, मिठाची पुरचुंडी सोबत ठेवावी, चिमूटभर टाकलं की सुटते. जखमेतून काही वेळ रक्त येत राहतं, ते स्वाभाविक आहे, कापसाने दाबून धरावं. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी मात्र झाडीत शिरूच नये. माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये आणि त्यांना कणसं, बिस्किटं देऊ नयेत. खायला मिळतं म्हणूनच ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात.

परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ, मग दिवसभर मोकळा वेळ. कावळेसाद पॉइंटला दरीतून वर येणारा वारा पाणी उलटं उडवतो. तिथे जायचं तर रेलिंगच्या अलीकडूनच पाहायचं, धुकं असेल तर जाऊच नये, दरीची कड दिसत नाही. हिरण्यकेशीच्या देवळापाशी गर्दी कमी असते. तिथल्या कुंडात 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा २०२० साली जगासमोर आलेला छोटा मासा राहतो आणि त्या जागेला २०२१मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पाण्यात हात-पाय, निर्माल्य, खाऊ काहीही घालू नये. संध्याकाळनंतर गावातल्या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवावी. आंबोली टोड हा इवलासा भेक फक्त याच भागात सापडतो, २००९मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि पावसाच्या रात्री असे जीव डांबरावर येतात. टॉर्च घेऊन पायी चालणाऱ्यानेही पाऊल बघून टाकावं.

गुरुवारची सकाळ राखीव होती. बुधवारी धबधबा स्वच्छ दिसला होता, तरी पुन्हा गेलो, कारण रात्रीच्या पावसानंतर त्याच कड्यावरून दुसऱ्या दिवशी वेगळंच रूप कोसळत असतं. परतीची तुतारी (११००४) संध्याकाळी सावंतवाडी रोडहून सुटते. घाटात झाड पडलं किंवा माती आली तर रस्ता काही तास बंद राहतो, म्हणून दुपारी बारालाच आंबोली सोडली आणि उरलेला वेळ सावंतवाडीत घालवला. तासभर आधी निघून गाडी गाठण्याचा हिशेब पावसाळ्यात मांडू नये. घाट खरंच बंद झाला तर आंबोलीहून वरच्या अंगाने आजरा–गडहिंग्लजमार्गे कोल्हापूर किंवा थेट बेळगाव गाठता येतं, दोन्हीकडे रेल्वे आहे. त्या गाड्यांची नावं, एसटीच्या वेळा आणि एखाद्या चालकाचा नंबर कागदावर लिहून ठेवावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हेही त्याच कागदावर. ओले कपडे गाडीत साध्या पिशवीत न ठेवता घट्ट बंद पिशवीत ठेवावेत, आणि घरी पोहोचल्याबरोबर बॅगा उघड्या करून पंख्याखाली ठेवाव्यात, नाहीतर चामड्याच्या पट्ट्यांना आणि चपलांना दोन दिवसांत बुरशी येते.